रंगाची खोली कोणाच्या हवाली

लिहून ठेवणार: सरू सुशील घरत, वय वर्षे चौसष्ट, निवृत्त एस.टी. वाहक, राहणार रोहा, जिल्हा रायगड.

मी हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवते. दबाव आणायला आधी बोलावं लागतं, आणि या घरात गेली कित्येक वर्षं कोणी माझ्याशी धड बोलतच नव्हतं, त्यामुळे तो प्रश्न उद्भवत नाही.

माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. इतर लोक तो रीत म्हणून जोडतात. मला गरज म्हणून जोडावा लागला, कारण माझे धाकटे दीर जनू केरू घरत यांनी स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवर, कोणी विचारलेलं नसताना, असं पसरवून ठेवलं होतं की थिनर हुंगून हुंगून वयनीच्या डोक्याचा भुगा झालाय. डॉक्टर मितेश यांनी तपासताना मला पंतप्रधान कोण, आज वार कोणता वगैरे विचारलं. मी वर पेण ते रोहा मार्गावरचे सगळे थांबे ओळीने सांगायला घेतले. डॉक्टरांनी गडबच्या थांब्यापर्यंत ऐकलं आणि सही केली.

कलम पहिलं. माझे पती कै. सुशील केरू घरत यांच्या पश्चात माझ्या नावे झालेला घराचा उत्तरेकडचा अर्धा भाग, माडीसह, माझी एकुलती एक मुलगी प्रणिता ऊर्फ पिंकी हिला मिळावा. ती लग्न करून पेणला राहते. बँकेत जे काही शिल्लक असेल ते आणि माझी पाटली-बांगडीही तिचीच. या बाबतीत कोणाचा वाद नाही, म्हणून लांबण लावत नाही. मात्र माडीवरची मागची खोली, जिला आम्ही रंगाची खोली म्हणतो, तिच्यासाठी पुढे वेगळं कलम आहे. पिंकीने तिथपर्यंत वाचल्याशिवाय घर विकायला काढू नये. तिचा स्वभाव मला माहीत आहे. माझ्या छंदाबद्दल तिचं मत असं की, "आई, रंगवलेली तयार गाडी ऑनलाइन मिळते, तू कशाला जीव काढतेस?" मिळते खरी. नातवंडंही तयार मिळतात का ते तिने एकदा बघावं.

कलम दुसरं. छंदाविषयी थोडं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी नोकरीभर एस.टी.त तिकिटं फाडली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. मी घरी बसून त्याच गाड्या लहान करून बांधायला लागले. प्लास्टिकच्या पत्र्याची बॉडी, तारेचा दांडा, मागची शिडी, टपावरचं कॅरियर, सगळं हाताने. मग त्यावर स्प्रे गनने रंग. लाल रंग ब्रशने लावला की गाडी गेरू फासल्यासारखी दिसते. फवारलेला रंग मात्र असा बसतो की हात लावला तर गाडी सुटेल असं वाटतं. काँप्रेसर आणि गन मी पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून जुनी घेतली. पेणला ती वस्तू मिळणं म्हणजे कोकणात नारळ मिळण्यासारखं आहे.

गन घरी आली तेव्हा हे (म्हणजे माझे पती) ओटीवर पेपर वाचत होते. ह्यांची सगळी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत गेली. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि सांगितलं, "हवा आधी, रंग मग. तोवर त्या डब्याचं झाकण उघडायचं नाय." मला राग आला. मी खिडकी उघडून पंखा लावला की झालं असं म्हणत होते. ह्यांचं म्हणणं असं की डोक्यावरचा पंखा वाफ बाहेर काढत नाही, फक्त घरभर वाटतो. प्रसादासारखा.

मग ह्यांनी स्वतः ती पेटी बांधली. समोरून उघडी प्लायवूडची पेटी, तिच्या आत गाडी ठेवून रंगवायचं. पाठीमागे जाळी आणि फिल्टर, त्यामागे पंखा, आणि पंख्यापासून भिंतीतून थेट बाहेर जाणारा रुंद पाइप. पाइपला वळणं कमीत कमी. पंखा असा निवडला की मोटर वाफेच्या वाटेत येणार नाही, कारण मोटरची एक ठिणगी आणि थिनरची वाफ यांचं लग्न लागलं की वऱ्हाड सगळं जळतं. समोरच्या बाजूची खिडकी बोटभर उघडी, म्हणजे नवी हवा आत येईल. हवा आत आलीच नाही तर पंखा बाहेर काय ढकलणार? तोंडावर कोळशाच्या डब्यांचा मास्क, कारण कोळसा वाफ शोषून घेतो. कापडी मास्कने रंगाचे थेंब थोडेफार अडतील, पण वाफ त्यातून मुंबईला जाऊन परत येते. त्या खोलीत देवाचा दिवा नाही, उदबत्ती नाही, मच्छरची कॉइल नाही. सासूबाई धोंडुबाई तेव्हा हयात होत्या. त्या म्हणाल्या, "देवाचा दिवाबी नको? खोली हाय का मसणवट?" ह्यांनी त्यांना सांगितलं की दिवा लावला तर होईल. त्यानंतर त्यांनी कधी आग्रह केला नाही.

हे वारले त्याला आता चार वर्षं झाली. पेटी अजून तशीच ओढते.

कलम तिसरं, जे कुरापतींविषयी आहे. सासूबाई गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या. उत्तरेकडचा भाग आमचा, दक्षिणेकडचा जनूभावजींचा, मधे अरुंद बोळ. पडवी कोणाची यावरून दोघा भावांचं वाजलं आणि बोलणं बंद पडलं. ती पडवी आजही अर्धी पडकी आहे. कोणीच दुरुस्त करत नाही, कारण जो करेल त्याने ती दुसऱ्याची असल्याचं मान्य केल्यासारखं होईल. भावजी तेव्हा धरमतरला मालवाहू बार्जवर तांडेल, म्हणजे तिचे कप्तान, होते, महिन्यातले बरेच दिवस खाडीत. हे अटॅकने गेले तेव्हाही भावजी बार्जवरच होते. आले ते सगळं आटोपल्यावर. बोळातूनच नमस्कार केला आणि आपल्या दारात गेले. आमच्या ओटीवर चढले नाहीत.

त्यानंतर निवृत्त होऊन ते कायमचे घरी आले आणि त्यांना माझ्या पाइपाचा शोध लागला. पाइप बोळात उघडतो, वास आमच्या घरात येतो, पापडाला लागतो, असा निरोप माझी जाऊ बायजाबाई हिच्यामार्फत आला. या घरात बायजाबाई हीच टपालखातं होती. मी पाइप वाढवून कौलांच्या वर नेला. तरी वास येतो असा निरोप. मी सांगितलं, आता वास आला तर तो पाइपाचा नाही, मनाचा आहे. हा निरोप बायजाबाईने जसाच्या तसा पोचवला असावा, कारण आठवड्याभरात भावजींनी गवंडी बोलावून बोळाकडची आपल्या आतल्या खोलीची एकुलती एक खिडकी विटांनी चिणून टाकली. माझ्या वासापासून संरक्षण म्हणून. पुढे पुतण्या आदेश कंपनीत कायम झाला तेव्हा त्याने त्या खोलीत एसी बसवला. मग तर भावजींनी टपरीवर सांगितलं की आमच्या खोलीत आता सिमल्याची हवा येते. वाहक म्हणून मी बरेच प्रवासी पाहिले, पण बंद काचेआड बसून गाडी थंड हवेच्या ठिकाणी पोचली असं समजणारा हा पहिलाच.

मी बोळाकडच्या माझ्या खिडकीशेजारी रंगकाम करत असे तेव्हा भावजी खाली उभे राहून वर बघत. बराच वेळ बघत. मी समजले, पुढच्या तक्रारीसाठी पुरावा गोळा करतायत. मी मास्क चढवायची आणि पाठ फिरवायची.

कलम चौथं. यंदा गणपतीच्या आधी जे घडलं ते इथे लिहिते, कारण या मृत्युपत्रातले निम्मे बदल त्यामुळे झाले.

दुपारची वेळ होती. आदेश शिफ्टला गेला होता, त्याची बायको माहेरी. मी माडीवर एका गाडीचा टप घासत होते. खालून बायजाबाईची हाक आली. तिने निरोप आणला असेल म्हणून मी लगेच उठले नाही. मग ती जिना चढून वर आली, माझ्या घरात वाटण्या झाल्यापासून पहिल्यांदा. तोंड पांढरं पडलेलं.

"ताई गो, हे बोलत नाय. आतल्या खोलीत कडी लावून बसलेत सकाळपासना. जेवायला हाक मारली तर नुसता उं उं आवाज आला, आता तोबी नाय."

मी विचारलं, आत काय करतायत. ती म्हणाली, ठाऊक नाही, गेला महिनाभर दार लावूनच बसतात, एसी लावतात, मला येऊ देत नाहीत. आज दाराखालच्या फटीत आतून टॉवेल कोंबलाय.

आम्ही खाली उतरून बोळ ओलांडला. त्यांच्या माजघरात पाऊल टाकलं आणि मला तो वास आला. टॉवेल कोंबूनही येत होता. हा वास मी झोपेतही ओळखेन. स्वस्तातल्या स्प्रेच्या डब्याचा. आणि माझ्या एका हाताला देवघरात समई जळत होती, दुसऱ्या हाताला चुलीवर, म्हणजे गॅसवर, बायजाबाईची आमटी उकळत होती.

बायजाबाई दाराला धडका द्यायला लागली. मी तिचा दंड धरला.

"आधी गॅस बंद कर, सिलिंडरवरनं. समई विझव. मग दार."

"ताई, ते आत..."

"ठिणगी पडली तर आपण तिघंबी आत. विझव."

तिने विझवली. देवाची समई हाताने विझवताना ती काहीतरी पुटपुटली. मी पुढचं-मागचं दार सताड उघडं केलं, कुठल्याही बटणाला हात लावू नको म्हणून तिला बजावलं आणि पळत जाऊन माडीवरचा माझा मास्क आणि परसातली पहार आणली. चौसष्टाव्या वर्षी पळणं म्हणजे काय ते गुडघ्यांनी मला नंतर सविस्तर सांगितलं. पहारीने कडी उचकटली. दार उघडलं तेव्हा आतून थंडगार, गोडसर, जड अशी हवा अंगावर आली. सिमल्याची.

भावजी खुर्चीवरून खाली घसरून भिंतीला टेकले होते. डोळे अर्धवट. नाकावर हातरुमाल बांधलेला, गुन्हेगारासारखा. मी मास्क लावून आत गेले, काखेत हात घातले आणि ओढलं. दारापाशी बायजाबाईने पाय धरले. त्यांना आम्ही त्या पडक्या पडवीत आणून एका कुशीवर झोपवलं. मालकीचा वाद असल्यामुळे तिच्यावर छप्पर धड नव्हतं, भिंत नव्हती, त्यामुळे हवा भरपूर होती. या घराच्या वाटण्यांनी केलेलं एवढं एकच चांगलं काम.

शेजारच्यांनी रिक्षा आणली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला. बायजाबाई बाकावर बसून माझा हात धरून होती. निरोप्याला स्वतःचं काय बोलायचं ते चटकन सुचत नसावं. संध्याकाळी भावजींनी डोळे नीट उघडले. ओकारी झाली. डोकं फुटतंय म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांनी दीर वयनीशी काय बोलेल? मी वाट बघत होते.

ते म्हणाले, "वयनी, पयला कोट सुकला काय?"

डॉक्टरांनी त्यांना विचारलं की वास सहन कसा झाला. ते म्हणाले, सुरुवातीला आला, मग यायचा बंद झाला, म्हणून समजलो वाफ गेली. वाफ कुठेही गेली नव्हती. नाक गेलं होतं. आणि एसी इमानाने तीच हवा पुन्हा पुन्हा थंड करून त्यांना पाजत होता. स्प्रेचे डबे विकणाऱ्या हार्डवेअरवाल्याने त्यांना सांगितलं होतं की एसी हाय ना, मग काय टेन्शन नाय. भावजींनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो नात्यातला नव्हता.

कलम पाचवं. वरील घटनेच्या अनुषंगाने माझ्या जंगम वस्तूंची वाटणी अशी:

पेण–रोहा मार्गाची मी बांधलेली पहिली लाल गाडी ड्रायव्हर मोरू यांना द्यावी. आम्ही बरीच वर्षं एका गाडीवर होतो. ते प्रत्येक थांब्यावर असा ब्रेक मारत की माझी तिकिटांची पेटी पुढच्या प्रवाशाच्या मांडीवर जाई. त्यांच्या गाडीची चाकं मी फेव्हिक्विकने पक्की चिकटवली आहेत. आता निवांत उभी करावी.

माझे दोन्ही मास्क आणि कोळशाच्या डब्यांचा कोरा साठा पुतण्या आदेश याला. तो मोटारसायकलची टाकी पार्किंगमध्ये रंगवतो आणि तोंडाला बायकोची ओढणी बांधतो. आदेशने लक्षात ठेवावं की डबे उघडल्यापासून त्यांचं आयुष्य चालू होतं. वर्षानुवर्षं खुंटीला टांगलेला मास्क हा मास्क नसून शोभेची वस्तू आहे.

भावजींच्या खोलीतून निघालेले स्प्रेचे रिकामे डबे मी गोणीत भरून ठेवले आहेत. ते हार्डवेअरवाल्याला सप्रेम भेट.

उरलेल्या गाड्या पिंकीच्या. तिने विकल्या तरी चालतील. ऑनलाइन मिळतात असं ती म्हणतेच. मग ऑनलाइन विकतही असतील.

कलम सहावं, रंगाच्या खोलीविषयी. घराची मालकी पिंकीची असली, तरी माडीवरची मागची खोली, तीतली पेटी, पंखा, पाइप, काँप्रेसर आणि गन यांच्या वापराचा हक्क जनू केरू घरत यांना हयातभर राहील. त्यांना बोळातून जिन्याने येण्याजाण्यास पिंकी किंवा तिचा नवरा यांनी हरकत घेऊ नये. अटी पुढीलप्रमाणे: खोलीत काम चालू असताना समोरची खिडकी उघडी असावी. रंग मारून झाल्यावरही पंखा बराच वेळ चालू ठेवावा, कारण ओला रंग सुकतानाही वाफ सोडतो. तो काही गन बंद झाल्याची चौकशी करत नाही. दाराला आतून कडी लावू नये. पाण्यातला रंग असला तरी मास्क लावावा, "ह्याला वास नाय" हे कारण चालणार नाही. आणि दर वेळी काम सुरू करण्याआधी कागदाची पातळ पट्टी पेटीच्या तोंडाशी धरून ती आत ओढली जाते का ते बघावं. न ओढली गेली तर खाली उतरावं आणि चहा प्यावा.

बायजाबाईला माझी शिलाई मशीन आणि वाटेल तेव्हा रंगाच्या खोलीचं दार उघडून आत डोकावण्याचा कायम अधिकार. हा अधिकार तिच्या नवऱ्याला रद्द करता येणार नाही.

कलम सातवं आणि शेवटचं. हे खरं तर मृत्युपत्रात बसत नाही, कारण ज्या वस्तूबद्दल आहे ती माझ्या मालकीची नाही. वकिलांनी गाळायला सांगितलं. मी ठेवलं.

भावजी दवाखान्यात होते त्या दिवसांत त्यांची खोली झाडायला बायजाबाईबरोबर मी गेले. टेबलावर बार्ज होती. धरमतरच्या जेटीला लागते तशी, हातभर लांब, मालाचा हौदा, मागची केबिन, नांगराची साखळी, बाजूला टांगलेले टायर. भावजी माझ्या खिडकीखाली उभे राहून इतका वेळ काय बघत होते ते मला तेव्हा कळलं. काळा रंग जाड बसला होता, ओघळ आले होते, नवशिक्याचं काम. पण बार्ज खरी होती. पुढच्या बाजूला पांढऱ्या अक्षरांत नाव होतं: सुशील.

धरमतरला त्या नावाची बार्ज कधीच नव्हती. मी पुढे बायजाबाईला विचारून खात्री केली.

बरे होऊन आल्यावर भावजींनी माझ्या पेटीपुढे बसून ओघळ घासले आणि पुन्हा रंग मारला. मी शेजारी उभी राहून चुका काढल्या. त्यांनी ऐकून घेतल्या, हे मी इथे पुराव्यादाखल नोंदवते. रंग सुकल्यावर ते बार्ज दोन्ही हातांत धरून बोळात उभे राहिले. म्हणाले, "वयनी, ही ठेवू कुठं?"

मी सांगितलं, आमच्या ओटीवर, ह्यांच्या फोटोखाली फळी रिकामी आहे.

ते आले. चप्पल बाहेर काढली, बार्ज फळीवर ठेवली, थोडी तिरकी केली, फोटोकडे बघितलं. मग खुर्ची असताना जमिनीवर बसले. म्हणाले, "दादा गेला तवा मी भर खाडीत होतो. भरती नव्हती. बार्ज हलत नव्हती, वयनी."

हे त्यांनी आधी का सांगितलं नाही ते मी विचारलं नाही. चहा केला. ते तीन चमचे साखर घेतात हे मला आठवत होतं. आता साखर बंद झालीय, हे त्यांनी कप खाली ठेवल्यावर सांगितलं.

तरी माझी इच्छा अशी: बार्ज त्या फळीवर राहावी. पिंकीने ती हलवू नये. मालक जनू केरू घरत यांना ती परत हवी असेल तर त्यांनी ओटीवर यावं, बसावं आणि स्वतःच्या तोंडाने मागावी. निरोप पाठवला तर देऊ नये.

या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी माझी मुलगी प्रणिता हिला नेमते. यापूर्वी मी कुठे काही लिहिलं असल्यास ते रद्द समजावं. जनूभावजींना साक्षीदार म्हणून सही करायची फार हौस होती. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीला राहू नये, असं वकिलांनी समजावल्यावर ते रागावून बाहेर जाऊन बसले. आत्ता खिडकीतून वाकून वाचतायत.

ठिकाण: रोहा
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

लिहून ठेवणार: सरू सुशील घरत (सही)

आमच्या दोघांच्या देखत त्यांनी वाचून, स्वतः सही केली, आणि आम्ही त्यांच्या देखत केली:

१. डॉ. मितेश अनंत देवकर, रोहा (सही)
२. मनस्वी आत्माराम मोकल, वाहक, पेण (सही)